मधुमेहाचं निदान झाल्यावर पहिले तीन महिने: गोळी आणि ताट यांचा मेळ कसा बसवायचा

टाइप टू मधुमेहाचं निदान झालं की एकाच दिवशी दोन कागद हातात पडतात. एक गोळ्यांची चिठ्ठी, दुसरी पथ्याची यादी. बहुतेक जण दुसऱ्या दिवशी सकाळपासून दोन्ही एकदम सुरू करतात. गोळी चालू, साखर बंद, भात बंद, वर रोज तासभर चालणं. चौथ्या-पाचव्या दिवशी पोट बिघडतं, डोकं हलकं वाटतं, हातापायातली शक्ती गेल्यासारखी होते, आणि हे कशामुळे झालं ते कळायला मार्ग नसतो. गोळीमुळे? कमी खाल्ल्यामुळे? की शुगर उतरू लागल्यामुळे? मग सोडायला जे सगळ्यात सोपं असतं ते सुटतं, आणि बहुधा ती गोळी असते.

म्हणून सुरुवात करणाऱ्यांना माझा आग्रह आहे की एका वेळी एकच बदल करा, त्याची नोंद ठेवा, आणि खाण्यात मोठा फेरफार करणार असाल तर तो करण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषधाचा डोस तुमच्या आजच्या खाण्यावर बेतलेला असतो. खाणं अर्ध्यावर आलं आणि डोस तोच राहिला, तर काही औषधं त्रास देतात.

एक अपवाद आधीच सांगते. निदानाच्या वेळी शुगर फारच चढलेली असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, सारखी तहान आणि लघवी होत असेल, तर डॉक्टर सुरुवातीलाच इन्सुलिन देऊ शकतात. ते बऱ्याचदा तात्पुरतं असतं. अशा वेळी पुढचा सावकाश क्रम बाजूला ठेवून डॉक्टर सांगतील त्या वेगाने जा.

पहिलं काम: आपली गोळी ओळखा

पाकिटावरचं कंपनीचं नाव लक्षात राहतं, पण आत कोणतं औषध आहे ते बहुतेकांना माहीत नसतं. मधुमेहाच्या पुष्कळ गोळ्यांत दोन-दोन, कधी तीन औषधं एकत्र असतात. पाकीट उलटं करून बारीक अक्षरातली मूळ नावं आणि मिलिग्रॅम वहीत उतरवून घ्या. मग डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला प्रत्येक नावाबद्दल तीन प्रश्न विचारा: या औषधाने शुगर खूप खाली जाऊ शकते का? जेवणाच्या आधी घ्यायचं, सोबत की नंतर? आणि उलट्या-जुलाब झाले किंवा जेवण चुकलं तर काय करायचं?

ही तीन उत्तरं खिशात असली की निम्मी भीती जाते.

मेटफॉर्मिनचे पहिले आठवडे

बहुतेकांची सुरुवात मेटफॉर्मिनने होते. फ्रान्समधले डॉक्टर झां स्टर्न यांनी १९५७ मध्ये ते मधुमेहासाठी वापरलं, तेव्हापासूनचा अनुभव या औषधामागे आहे. यकृत रक्तात सोडत असलेली साखर ते कमी करतं आणि शरीरातल्या इन्सुलिनचा परिणाम सुधारतं. एकटं घेतलं तर सहसा शुगर लो होत नाही.

त्रास देतं ते पोटाला. मळमळ, गुडगुड, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. नवख्या माणसाला वाटतं की हे औषध आपल्याला मानवत नाही. बहुतेकांच्या बाबतीत हा त्रास पहिल्या दोन-तीन आठवड्यांचा असतो आणि डोस एकदम वाढवल्यामुळे झालेला असतो. म्हणून सुरुवात बहुधा ५०० मिलिग्रॅमने होते आणि डोस आठवड्या-आठवड्याने वाढवतात. गोळी उपाशीपोटी घेऊ नका. जेवताना मध्येच किंवा जेवण संपल्या संपल्या घ्या. तरीही पोट ऐकत नसेल तर सावकाश विरघळणारी गोळी मिळते, ती बदलून मागा. ती मात्र चावू नका, तोडू नका, कुटू नका. कधी कधी या गोळीचं रिकामं टरफल शौचातून बाहेर पडलेलं दिसतं. घाबरायचं कारण नाही, औषध आत उतरलेलं असतं.

याच आठवड्यांत पथ्याच्या उत्साहात अचानक ढीगभर कोशिंबिरी आणि कोंडायुक्त पदार्थ सुरू केले, तर गॅस आणि जुलाब त्यानेही होतात, आणि दोष गोळीच्या माथी बसतो. गोळीला आधी पंधरा दिवस द्या, मग चोथ्याचं प्रमाण हळूहळू वाढवा.

पुढच्या काळासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर शरीरातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, म्हणून ते अधूनमधून तपासून घ्या. मांसाहार न करणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि मूत्रपिंडाचं काम किती चालतं यावर या औषधाचा डोस ठरतो, त्यामुळे ती रक्ततपासणी टाळू नका. रंगद्रव्य टोचून करायचा स्कॅन ठरला, तर मेटफॉर्मिन चालू असल्याचं तिथे आधी सांगा.

बाकीची औषधं, थोडक्यात

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड ही औषधं स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. ती झटपट काम करतात आणि जुनी, परिचयाची आहेत, पण तुम्ही जेवलात की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. गोळी घेतली आणि जेवण लांबलं, की शुगर खाली जाते. ही औषधं चालू असताना जेवणाची वेळ पाळणं हाच पथ्याचा मुख्य भाग समजा. इन्सुलिनलाही हेच लागू.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय आणि मूत्रपिंड यांनाही त्यांचा फायदा होतो. लघवी वाढते, म्हणून पाणी पुरेसं प्या. लघवीच्या तपासणीत साखर दिसणारच, ते औषधाचंच काम आहे. लघवीच्या जागी खाज किंवा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. स्वच्छता आणि कोरडेपणा जपा, त्रास झाला तर संकोच न करता सांगा. उपाशी राहणं किंवा धान्य, साखर जवळजवळ बंद करणं या औषधांसोबत धोक्याचं आहे. रक्तात आम्ल साठण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि त्यात ग्लुकोमीटरवरचा आकडा फारसा वाढलेला नसतो, म्हणून तो लक्षात येत नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर ही औषधं किमान तीन दिवस आधी थांबवायची असतात. डॉक्टरांना त्याची आठवण स्वतः करून द्या.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, लिनाग्लिप्टिन या गोळ्या बहुतेकांना सहज मानवतात. पायोग्लिटाझोनचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पायांवर सूज आली किंवा दम लागला तर लगेच कळवा. अकार्बोज आणि व्होग्लिबोज घेताना गॅस होतो, आणि अकार्बोज तर जेवणाच्या पहिल्या घासासोबतच घ्यायचं असतं.

सेमाग्लुटाइड, लिराग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड ही बहुधा इंजेक्शनं असतात. यांनी पोट सावकाश रिकामं होतं आणि भूक मंदावते. नेहमीएवढं ताट वाढून घेतलं की मळमळ ठरलेली. निम्मं वाढा, हळू खा, पोट भरल्याची पहिली खूण मिळताच थांबा. तळलेलं आणि तुपकट पहिले काही आठवडे दूर ठेवा. सेमाग्लुटाइडची गोळी असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त १२० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास काहीही खायचं-प्यायचं नाही. हा नियम मोडला तर औषध शरीरात नीट शोषलं जात नाही. पोटात सतत, पाठीकडे जाणारी तीव्र कळ आली तर पुढचा डोस घेऊ नका, डॉक्टरांकडे जा.

दुसरं काम: शुगर लो झाली तर काय, हे आजच ठरवा

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असलेल्या प्रत्येकाने हा भाग घरातल्यांनाही वाचायला द्यावा.

रक्तातली साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की ती लो समजतात. ५४ च्या खाली गेली तर गंभीर. दरदरून घाम, हात थरथरणं, छातीत धडधड, अचानक खा-खा सुटणं, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही त्याची चिन्हं. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवत नाही. घाम मात्र फुटतो, त्यावर लक्ष ठेवा.

अशा वेळी १५ ग्रॅम झटपट विरघळणारी साखर घ्यायची: तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढंच ग्लुकोज, किंवा अर्धा पेला फळांचा रस. १५ मिनिटं थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. आकडा अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच परत. वर आल्यावर पुढच्या जेवणाला वेळ असेल तर थोडं खाऊन घ्यायचं. चॉकलेट, बिस्किट, मिठाई इथे कामाची नाही. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असणाऱ्यांनी साधी साखर न घेता ग्लुकोजच घ्यायचं, कारण ही औषधं साध्या साखरेचं पचन रोखतात. एवढी छोटी गोष्ट चिठ्ठीवर लिहिलेली नसते, आणि ऐन वेळी तीच महत्त्वाची ठरते.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर झोपवा आणि रुग्णवाहिका बोलवा. गोळीमुळे लो झालेली शुगर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः वयस्कर माणसांत, म्हणून तो दिवस आणि ती रात्र कुणीतरी जवळ असावं. दारू पिणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं की रिकाम्या पोटी घेतलेल्या दारूने शुगर दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा खाली जाऊ शकते.

तिसरं काम: ताट, पण एकेका पायरीने

पहिले पंधरा दिवस फक्त पेयांकडे बघा. चहा-कॉफीतली साखर, थंड पेयं, डब्यातले रस, गोड केलेलं दूध. पातळ साखर सगळ्यात वेगाने रक्तात जाते आणि पोटही भरत नाही, त्यामुळे एवढ्या एका बदलाने आकडा बऱ्यापैकी हलतो. साखरेऐवजी मध घातला म्हणून काही साधत नाही, शरीराला दोन्ही सारखेच. फळ खायचं ते चावून, रस काढून नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून ताटाची मांडणी हळूहळू बदला. साधारण नऊ इंची ताटलीचा अर्धा भाग पिष्ट नसलेल्या भाज्यांनी भरा, पाव भाग प्रथिनांनी (डाळी-कडधान्यं, अंडी, मासे, दूधदुभतं, जे तुम्ही खात असाल ते), आणि उरलेला पाव भाग धान्य किंवा कंदमुळांनी. बटाटा भाजीच्या अर्ध्या भागात मोजू नका, तो धान्याच्या पाव भागातला. भात, गहू, बटाटा यांपैकी काहीच कायमचं बंद करायचं नाही. त्यांची जागा ठरवायची. घरातली एक वाटी त्यासाठी नेमून टाका आणि धान्याचा पदार्थ कायम त्याच वाटीने वाढा. वजनकाटा आठवडाभर टिकतो, वाटी वर्षानुवर्षं टिकते.

खाण्याचा क्रमही उपयोगी पडतो. आधी भाज्या आणि प्रथिनं, शेवटी धान्य, असं जेवलं तर जेवणानंतर शुगरची उसळी कमी येते. पदार्थ तेच, मात्रा तीच. मला हा उपाय फार मोलाचा वाटतो, कारण यात घरच्या कुणाला वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाललं तर आणखी फरक पडतो, कारण चालणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात.

‘शुगर फ्री’ लिहिलेल्या बिस्किटांपासून सावध राहा. साखर नसली तरी मैदा असतोच, आणि मैद्याची पचल्यावर साखरच होते. पाकिटाच्या मागे साखरेचा नव्हे, एकूण कर्बोदकांचा आकडा वाचा.

मोठा आहारबदल करून गोळ्या कमी करता येतात का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो. काहींच्या बाबतीत, हो. ब्रिटनमधल्या डायरेक्ट नावाच्या अभ्यासाचे पहिले निकाल २०१७ मध्ये आले. निदानाला सहा वर्षांपेक्षा जास्त काळ न झालेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला सुमारे ८५० कॅलरींचा आहार दिला. वर्षअखेरीस त्यांतल्या ४६ टक्के लोकांची शुगर मधुमेहाच्या औषधांशिवाय मर्यादेत होती, आणि ज्यांचं वजन १५ किलो किंवा अधिक उतरलं त्यांच्यात हे प्रमाण खूपच जास्त होतं. पण बातम्यांत न येणारा भाग असा की आहार सुरू झाला त्याच दिवशी त्यांची मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली होती. तो कार्यक्रम घरी एकट्याने, गोळ्या तशाच चालू ठेवून करायचा नाही.

चौथं काम: वही आणि मीटर

वहीत चार रकाने पुरतात: वेळ, आकडा, काय खाल्लं, काय वाटलं. रोज सात वेळा टोचून घ्यायची गरज नाही. एक जेवण निवडा, त्याच्या आधी मोजा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. आठवडाभर तेच जेवण, मग दुसरं. महिन्याभरात तुमच्या शरीराला काय चालतं आणि काय नाही ते तुम्हालाच दिसतं. कोणत्याही छापील यादीपेक्षा ते जास्त खरं असतं.

सर्वसाधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३०, आणि जेवणानंतर १८० च्या आत. वयस्कर किंवा इतर आजार असलेल्यांसाठी डॉक्टर ते सैल ठेवतात. काही मीटर मिलिमोलमध्ये आकडा दाखवतात; त्याला १८ ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. माझ्या वडिलांचा एकदा जेवणाआधीचा आकडा २४० आला. त्यांचा चेहराच पडला, संध्याकाळची गोळी दुप्पट घ्यावी का असं विचारू लागले. मीटरशेजारीच संत्र्याची सालं पडलेली होती. हात धुऊन परत मोजलं तर १३२. फळाचा रस बोटाला लागलेला असला की मीटर तोही मोजतो. पट्ट्यांच्या डबीचं झाकण घट्ट लावा, मुदत बघा, आणि बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, दुखतं कमी. मीटरमध्ये १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो असं मानक आहे, त्यामुळे १४२ आणि १५१ यांत काही वेगळं वाचू नका. आणि एका आकड्यावरून डोस कधीही स्वतः बदलू नका.

या काळात शरीर काय काय करतं

शुगर उतरू लागली की नजर धूसर होऊ शकते. चढलेल्या साखरेमुळे डोळ्याच्या भिंगात पाणी मुरलेलं असतं. साखर बदलली की भिंगाचा आकार बदलतो. निदानानंतर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचाच, पण चष्म्याचा नवा नंबर दीड-दोन महिने काढू नका. घाईने केलेला चष्मा महिन्याभरात निरुपयोगी ठरतो. अचानक दिसेनासं झालं किंवा डोळ्यांसमोर काळे ठिपके, पडदा आला तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कित्येक महिने २५० च्या आसपास राहिलेल्या शरीराला १२० सुद्धा कमी वाटतात. घाम, थरथर, भूक, सगळं लो झाल्यासारखं, आणि मीटर म्हणतो ११८. म्हणून त्रास वाटला की शक्य असेल तर आधी मोजा. आकडा ठीक असेल तर साखर खायची नाही. थोडं बसा, वेळ झाली असेल तर जेवा. शरीराला या नव्या पातळीची काही आठवड्यांत सवय होते. मोजायची सोयच नसेल तर लो समजूनच उपाय करा.

रात्री काही न खाता सकाळचा आकडा झोपतानापेक्षा जास्त आला म्हणून निराश होऊ नका. पहाटे शरीरातली संप्रेरकं यकृताला साखर सोडायला सांगतात. तो तुमच्या पथ्याचा दोष नाही. रात्रीचं जेवण आणखी कमी करत जाऊ नका, डॉक्टरांना आकडे दाखवा.

आजारी पडलात तर

उलट्या, जुलाब, तापाने खाणं-पिणं थांबलं की मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं सहसा तात्पुरती थांबवायची असतात. इन्सुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करायचं नाही. आजारपणात साखर वाढतेच. तुमच्या बाबतीत नेमकं काय, हे तब्येत चांगली असतानाच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुसऱ्या कुठल्या दुखण्यासाठी स्टेरॉइड दिलं असेल तर शुगर चढते, तेही डॉक्टरांना कळवा. घरगुती काढे-चूर्ण घेत असाल तर लपवू नका. डॉक्टर रागावले तरी चालेल, पण त्यांना माहीत हवं.

तीन महिन्यांनंतरची भेट

एचबीएवनसी ही तपासणी साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि तेवढा काळ त्यांच्यावर साखर चिकटत राहते. बऱ्याच जणांसाठी लक्ष्य ७ टक्क्यांच्या आत असतं. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास. रक्त कमी असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर हा आकडा फसवा असू शकतो, ते आधी सांगा.

भेटीला जाताना वही न्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं न्या, आणि चुकलेल्या डोसांचा खरा आकडा सांगा. आठवड्यातून तीनदा गोळी राहिली आणि तुम्ही रोज घेतो म्हणालात, तर डॉक्टर औषध अपुरं पडतंय असं समजून डोस वाढवतील. मग ज्या आठवड्यात तुम्ही सगळ्या गोळ्या वेळेवर घ्याल, त्या आठवड्यात शुगर लो होईल. बूट-मोजे काढून पावलंही दाखवा, विशेषतः बोटांच्या मधल्या जागा, आणि शुगर झपाट्याने उतरल्यावर पायांत नवीन आग किंवा मुंग्या सुरू झाल्या असतील तर तेही सांगा. लघवीतल्या प्रथिनाची तपासणी, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल हेही त्याच दिवशी मागून घ्या.